टार्गेट वजनाचे कॅल्क्युलेटर: ऑपरेशन कुठलं, हे जो विचारत नाही तो बाद

बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन, झालेल्या किंवा ठरलेल्या माणसाला टार्गेट वजन काढून देणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट आणि ढिगाने मिळतात. अडचण एवढीच की एकाच माणसाला तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे मिळतात, आणि तिन्ही अगदी ठामपणे. या परीक्षणात एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. बाई, उंची १६५ सेंमी, ऑपरेशनआधीचं वजन १२० किलो, म्हणजे बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४४. ऑपरेशन स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची बारीक नळी ठेवायची. 'आदर्श वजन' काढणारा कॅल्क्युलेटर तिला ५७ किलो सांगतो. बीएमआयवाला ६८ सांगतो. स्लीव्हनंतर सरासरीने जेवढं वजन उतरतं त्या टक्केवारीने हिशेब केला, तर ९० येतात.

५७ आणि ९०. मध्ये ३३ किलोंची दरी. ९० वर स्थिरावलेली बाई पहिल्या आकड्याने सपशेल नापास आणि तिसऱ्याने पास. शरीर तेच, ऑपरेशन तेच, पथ्यही तेच. म्हणून आकडा बघण्याआधी तो कुठून आला ते बघायचं.

५७ हा आकडा डिव्हाइन यांच्या १९७४ च्या सूत्रातून येतो. बाईसाठी पहिल्या पाच फुटांचे ४५.५ किलो, वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. पुरुषासाठी सुरुवात ५० किलोंपासून, पुढे तसंच. हे सूत्र मांडलं गेलं औषधाचा डोस ठरवण्यासाठी. त्यात सुरुवातीचं वजन नाही, वय नाही, ऑपरेशन तर नाहीच. १२० वरून ५७ ला यायचं म्हणजे शरीराचं साडेबावन्न टक्के वजन घालवायचं. इतकं सरासरीने कुठलंच ऑपरेशन देत नाही. हा कॅल्क्युलेटर या कामासाठी सरळ बाद.

बीएमआयवाला थोडा बरा, पण थोडाच. २५ ही नॉर्मल बीएमआयची वरची हद्द. मीटरमधल्या उंचीच्या वर्गाला २५ ने गुणायचं की ६८ किलो तयार. आपल्या उदाहरणात त्यासाठी ४३ टक्के वजन जावं लागेल. मात्र त्याच उंचीच्या, ९५ किलोंपासून सुरुवात करणाऱ्या बाईला ६८ गाठायला २८ टक्के पुरतात, म्हणजे आकडा तिच्या आवाक्यात येतो. एकच टार्गेट एकीला वाजवी आणि दुसरीला जवळपास अशक्य, कारण कॅल्क्युलेटरने दोघींना फक्त उंची विचारली. शिवाय खूप वजन उतरलं की पोट, मांड्या, दंड इथली सैल कातडी उरते. तिचंही वजन काट्यावर येतं आणि ते काही खाण्यापिण्याने कमी होत नाही. बीएमआयला हे कळायला मार्ग नाही.

आता 'एक्सेस वेट लॉस'वाले. दवाखान्यांच्या माहितीपत्रकांत हेच जास्त दिसतात आणि फसवतातही हेच. यात बीएमआय २५ च्या वरचं सगळं वजन 'जादा' धरतात आणि त्यातलं किती टक्के गेलं ते सांगतात. उदाहरणातल्या बाईचं जादा वजन ५२ किलो. ३० किलो उतरले तर ५८ टक्के. ऐकायला छान. पण तेच ३० किलो एकूण वजनाचे २५ टक्के होतात. पत्रकात '५८ टक्के' वाचून १२० मधून थेट ५८ टक्के वजा करणारे लोक असतात, आणि मग ५० किलोंचं टार्गेट मनात घट्ट बसतं.

दुसरी खोट जास्त खोल आहे. तिघीजणी घ्या, उंची सारखी, वजनं ९५, १२० आणि १६०. तिघींचंही बरोबर २५ टक्के वजन उतरलं. एक्सेस वेट लॉसच्या मापाने पहिलीला ८८ टक्के मिळतात, दुसरीला ५८, तिसरीला ४४. पन्नास टक्क्यांच्या खाली म्हणजे ऑपरेशन फसलं, असा जुना दंडक आहे. म्हणजे तब्बल ४० किलो घालवणारी तिसरी बाई नापास आणि पावणेचोवीस किलो घालवणारी पहिली अव्वल! जास्त वजनाने सुरुवात करणाऱ्यावर हे माप जवळपास नेहमीच अन्याय करतं. हल्ली एकूण वजनाची टक्केवारी वापरण्याकडे कल आहे, तो याचसाठी.

कागदावर करायचा हिशेबही त्यामुळे सोपा होतो. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनंतर (यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात) ३० टक्के, ही ढोबळ सरासरी. १२० ला स्लीव्हने ९०, बायपासने ८४. सरासरी म्हणजे काही जण बरेच पुढे, काही बरेच मागे, हे गृहीत धरायचं. तरीही कुठलंही संकेतस्थळ न उघडता मिळालेला हा आकडा पहिल्या दोन कॅल्क्युलेटरांपेक्षा उजवा आहे. कारण यात निदान ऑपरेशन विचारात घेतलंय.

प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवर बेतलेले कॅल्क्युलेटर मात्र मोजकेच. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या एमबीएसएक्यूआयपी या बॅरिॲट्रिक सर्जरीचा दर्जा बघणाऱ्या उपक्रमाचा कॅल्क्युलेटर वेगवेगळी ऑपरेशनं शेजारी शेजारी ठेवून धोके आणि फायदे दोन्ही दाखवतो. ऑपरेशन कुठलं करायचं हे अजून ठरायचं असेल, तेव्हा सर्जनसमोर बसून बघायला चांगला. टार्गेट वजनासाठी तो अपुरा पडतो, कारण वजनाचा अंदाज पहिल्या वर्षापर्यंतच देतो. आणि पहिलं वर्ष हे सगळ्यात गोडबोलं वर्ष असतं.

सोफिया कॅल्क्युलेटर या सगळ्यांत खरोखर उपयोगाचा. याची माहिती २०२३ मध्ये 'द लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्समधल्या दोन केंद्रांतल्या रुग्णांच्या नोंदींवर तो तयार झाला आणि इतर देशांतल्या रुग्णांवर तपासला गेला. एकूण १० देशांतल्या १२ केंद्रांचे १०,२३१ रुग्ण. ४३४ बाबींतून छाटत छाटत सात प्रश्न उरले: उंची, वजन, ऑपरेशनचा प्रकार, वय, मधुमेह आहे का, किती वर्षांपासून, आणि धूम्रपान. एवढ्यावर पुढच्या ५ वर्षांचा आलेख मिळतो. स्त्री की पुरुष हे यादीत नाही, याचं पहिल्यांदा बघणाऱ्याला नवल वाटतं. मधुमेहाची वर्षं विचारतो हे बरं करतो, कारण टाइप २ मधुमेह असलेल्यांचं वजन सरासरीने कमी उतरतं आणि टार्गेट ठरवताना नेमकं हेच विसरलं जातं.

अंदाज किती चुकतो, हेही त्यांनीच छापलंय. ५ वर्षांनंतर प्रत्यक्ष आणि अंदाज यांत बीएमआयचा मध्यक फरक (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) २.८, आणि मोठ्या चुका जास्त जमेस धरणाऱ्या मापाने ४.७. बीएमआयमध्ये हे किरकोळ वाटतं. किलोंत करून बघा: १६५ सेंमी उंचीला २.८ म्हणजे साडेसात किलो, ४.७ म्हणजे जवळपास १३. म्हणजे आलेखावर ५ वर्षांना ९४ दिसले, तर ८६ ते १०२ यांतलं काहीही अगदी साधं, आणि त्याच्याही बाहेर बरेच जण असणार. रेषा बारीक दिसते म्हणून ती खरी मानायची नाही, जाड खडूने ओढली आहे असं समजायचं.

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ऑपरेशनचे पर्याय तीनच: स्लीव्ह, नेहमीचा रू-एन-वाय बायपास आणि बँड (जठराभोवती बसवलेला पट्टा). मिनी बायपास झालेल्यांनी 'बायपास' निवडून आकडा काढू नये, ते ऑपरेशन वेगळं आहे. आधीचं एक ऑपरेशन बदलून दुसरं केलं असेल, तर तेही सांगायची सोय सात प्रश्नांत नाही. वजन उतरवायची इंजेक्शनं चालू असतील, तरी तेच. आणि सगळे प्रश्न ऑपरेशनच्या आधीचे आहेत. सहा महिन्यांत प्रत्यक्षात किती उतरलं हे त्याला कळवता येत नाही, त्यामुळे आलेख स्वतःला सुधारत नाही. ते काम फॉलोअपमध्ये डायटिशियनने आणि तुम्ही करायचं.

आकडे भरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. उंचीची चूक सगळ्यात जास्त: पाच फूट पाच इंच म्हणजे १६५ सेंमी, पण साडेपाच फूट म्हणजे १६७.६. '५.५' लिहिलं की कुणाला काय वाटेल सांगता येत नाही. तीन सेंमी जास्त भरले तर बीएमआय २५ चं वजन अडीच किलोंनी वर सरकतं. चप्पल काढून, टाच भिंतीला लावून उंची पुन्हा मोजून घ्या. वीस वर्षांपूर्वीची पाठ असलेली उंची भरू नका. दुसरी चूक सुरुवातीच्या वजनाची. ऑपरेशनआधी यकृत आक्रसावं म्हणून कमी उष्मांकांचा आहार देतात, त्यातच काही किलो जातात. समजा आयुष्यातलं सर्वांत जास्त वजन १२८ होतं आणि ऑपरेशनच्या दिवशी १२०. २५ टक्के १२८ चे काढले तर टार्गेट ९६, १२० चे काढले तर ९०. दोन्ही हिशेब चालतात, पण कुठला धरला ते फाइलवर लिहून ठेवा. नाहीतर वर्षभराने डॉक्टर एक टक्केवारी सांगतील, तुम्ही दुसरी, आणि दोघंही बरोबर असाल.

घरच्या काट्याचंही तेच. बरेच घरगुती काटे १५० किलोंपर्यंतच मोजतात, त्यापुढे एरर दाखवतात. खरेदीआधी मागची पट्टी वाचा. गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो, खाली फरशीच हवी. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी. रोज काट्यावर चढणाऱ्याला पाण्याची चढउतार दिसते, चरबीची नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा अडकतो तो बहुतेक वेळा यामुळेच. सुरुवातीला यकृत आणि स्नायूंतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं, म्हणून वजन झपाट्याने उतरतं. तो साठा थोडा भरून आला की पाणी परत येतं. चरबी चालूच असते, काटा गप्प बसतो. या आठवड्यात कुठल्याही कॅल्क्युलेटरच्या आलेखाशी तुलना करण्यात अर्थ नाही. चरबी-स्नायू वेगळे दाखवणारे काटेही या काळात भरवशाचे नसतात, ते अंगातल्या पाण्यावरूनच अंदाज बांधतात.

टार्गेट एका आकड्यात लिहू नये, हे आमचं ठाम मत. कारण वजनाचा तळ आणि वजनाचा मुक्काम या दोन वेगळ्या जागा आहेत. तळ साधारण १२ ते २४ महिन्यांत येतो, मग बहुतेकांचं काही वजन परत चढतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या बायपासच्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी सरासरी ४५ किलो उतरलेले होते, सहाव्या वर्षी ३६.३ आणि बाराव्या वर्षी ३५. म्हणजे नऊ-दहा किलो परत आले आणि मग बारा वर्षांपर्यंत वजन जवळपास तिथेच राहिलं. ज्याने दुसऱ्या वर्षाचा तळ हेच टार्गेट मानलं, त्याला चौथ्या वर्षी आपण हरलो असं वाटतं आणि तो फॉलोअप सोडतो.

म्हणून फाइलवर तीन ओळी लिहा. उदाहरणातल्या बाईसाठी त्या अशा होतील: तळ ८५ ते ९५, दीड वर्षापर्यंत. मुक्काम ८८ ते १००, पाचव्या वर्षी. आणि तिसरी ओळ धोक्याची: प्रत्यक्ष तळाच्या वर ५ किलो चढले की वेळ न ठरवताही क्लिनिकला फोन. हा ५ चा आकडा आमचा, तुमची टीम वेगळा देईल, पण कुठला तरी लिहिलेला असावा. कारण दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं, नवीन सुरू झालेली स्टेरॉइडसारखी औषधं किंवा इन्सुलिनचा वाढलेला डोस, हे ५ किलोंवर सापडतं आणि आवरतं. १५ किलोंवर आवरणं अवघड.

कॅल्क्युलेटर खालची मर्यादा सांगत नाहीत, हा सगळ्यांचाच दोष. ६८ च्या मागे लागून जेवण आणखी कमी केलं की आधी प्रोटीन घटतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम जात नसेल, तर वजन उतरतं ते स्नायूंचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी राहिलं तर गळणं लांबतं. वजन उतरतंय आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येत नाहीये, तर टार्गेट बाजूला ठेवून रक्त तपासायला द्यावं.

कातडी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर काढलेल्या कातडीचं वजन सर्जन लिहून देतात. तेवढे किलो तळ, मुक्काम आणि धोक्याच्या ओळीतला प्रत्यक्ष तळ या तिन्हींतून वजा करून कागद नवा करा.