आमचंच कार्ड आम्हालाच विकलं : वार्पिंगवाल्यांनो, जरा सांभाळून

धुळ्यात आमचं छोटं वार्पिंग आहे, म्हणजे कापडाचे उभे धागे (आमच्या भाषेत तारा) बीम नावाच्या मोठ्या रिळावर गुंडाळायचं काम. एक सेक्शनल मशीन (तारा पट्ट्यापट्ट्यांनी, म्हणजे सेक्शननी, आधी ड्रमवर आणि मग बीमवर घेणारं), ४०० कोनांची क्रील (सुताचे कोन लावायची घोडी), आणि आजूबाजूच्या यंत्रमागवाल्यांना मजुरीवर बीम भरून द्यायचं काम. मशीन बिघडलं की फक्त आमचंच नाही, पुढच्या मागांचंही काम अडतं. ‘कंपनीचा इंजिनिअर’ म्हणवून घेणारी काही मंडळी नेमकी ही घाई हेरून फिरतात. आमच्याकडे आलेल्या इसमाने मशीनच्या कार्डाचं (पॅनलमधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीचं) काय केलं ते सांगतो, आणि मशीनचंही जरा खोलात जाऊन सांगतो, कारण त्याची सगळी चलाखी मशीनच्या नावावरच चालली होती.

झालं असं की एका मागवाल्याने ग्रे (मागावरून उतरलेल्या कोऱ्या) कापडाचा तुकडा आणून टेबलावर टाकला. उजेडासमोर धरला तर उभ्या रेघा, टाईट म्हणजे जास्त ताणल्या गेलेल्या तारेच्या. काम ४० नंबर सुताचं, ४,८०० तारांचं, म्हणजे ४०० तारांचे १२ सेक्शन. शिवाय एप्रिल होता, तारा जास्त तुटत होत्या, आणि ड्रमवरून बीमवर घेताना एखादा सेक्शन आधी संपायचा. तीन तक्रारी एकदम. नेहमीचा फिटर लग्नात अडकलेला. मोबाईलवर शोधलं, एक नंबर मिळाला. पत्ता सुरतचा, पण ‘धुळे-मालेगाव सर्व्हिस उपलब्ध’ असं लिहिलेलं.

माणूस आला तो इस्त्रीच्या टी-शर्टमध्ये, खिशावर कंपनीचं चिन्ह, हातात लॅपटॉप. कापडाचा तुकडा पुढे केला तर त्याने हातही लावला नाही. सरळ पॅनल उघडलं. ‘मेन बंद करून या, चहा सांगा’ असं म्हणून आम्हाला दोनदा बाजूला धाडलं, आणि परत चालू केलं तर स्क्रीनवर लाल अक्षरांत एन्कोडरचा (फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) एरर. आता हे लक्षात घ्या, तो येण्याच्या आधी सकाळपासून मशीन चालू होतं आणि एकही एरर नव्हता. तो उगवला पॅनल उघडल्यानंतर. पण समोर लाल दिवा लुकलुकत असतो आणि तिकडे मागवाल्याचे फोनवर फोन येत असतात, तेव्हा हा हिशेब कोण करत बसतं?

त्याचं निदान एका दमात झालं. रेघा कार्डामुळे, मापातला फरक कार्डामुळे, तारा तुटतात त्याही कार्ड ड्रमला झटके देतं म्हणून. कार्ड जळालंय, नवीन ५२ हजारांचं, ‘आमच्याकडून’ ३८ हजारात. १५ हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतले. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाच्या नावाचं होतं. ‘अकाउंटवाल्याचं आहे, बिलात येऊन जाईल’ म्हणाला. आणि जाताना आमचं कार्ड काढून घेऊन गेला, म्हणे जुनं जमा केल्याशिवाय कंपनी नवीन देत नाही.

नवीन कार्ड आलं चकचकीत. वर होलोग्रामचं स्टिकर, प्लास्टिकची पिशवी, सगळं जिथल्या तिथे. बसवलं, लाल अक्षरं गेली, बाकीचे पैसे दिले. दुसऱ्या बीमचं कापड आलं तर रेघा तशाच्या तशा. फोन केला तर म्हणे, मग ड्रमचं बॅलन्सिंग करावं लागेल, २२ हजार.

तेव्हा मी नानांना बोलावलं. नाना म्हणजे पूर्वी न्यू प्रताप मिलच्या वार्पिंग खात्यात जॉबर (मशीन लावणारे मुकादम) होते, आता घरीच असतात. आल्या आल्या त्यांचं पहिलं वाक्य : ‘पहिले कापड दखाड भाऊ, मशीन मंग दखसूत.’

टेप काढला आणि रेघांमधलं अंतर मोजलं. प्रत्येक दोन रेघांत पाच इंच, या काठापासून त्या काठापर्यंत. आमच्या बीमची रुंदी ६३ इंच, १२ सेक्शन, म्हणजे एक सेक्शन सव्वापाच इंचाचा. कापड मागावर थोडं आकसतं, त्यामुळे सव्वापाचाचे पाच झाले. हिशेब इतका साधा आहे : क्रीलवरचा एक कोन प्रत्येक सेक्शनमध्ये एकाच जागी एक तार देतो. त्या एका कोनाच्या वाटेत काही अडकलं की १२ सेक्शनमध्ये १२ टाईट तारा, सारख्या अंतरावर. कार्ड, मोटर, एन्कोडर यांतलं काही बिघडलं तर ४०० च्या ४०० तारांना त्रास होईल, वेग हलेल, माप चुकेल, पण एकट्या तारेला निवडून ते ताणणार नाहीत. नाना मिशीतल्या मिशीत हसले. ‘कार्ड काय येकच तारवर रुसस का?’

रेघ सेक्शनच्या काठापासून किती तारांवर आहे हे त्यांनी सुईने मोजलं, फणीतली तीच जागा धरून तार मागे क्रीलपर्यंत शोधत गेले. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये रुई आणि सुतावरचं मेण मिळून काळपट वडी झाली होती. वरची चकती फिरतच नव्हती, तार तिच्याखाली घासत जात होती. नानांनी ती वडी नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवली, तुरीच्या डाळीएवढी. त्याच खुंटीच्या (कोन जिच्यावर बसतो तिच्या) पोर्सिलीनच्या गाईडला तारेने चर पाडला होता, नख फिरवलं तर अडकत होतं. चकत्या रॉकेलने धुतल्या, गाईड बदललं. खर्च म्हणावा तर चहाचाच जास्त.

मग उरलेल्या दोन तक्रारी. तुटणाऱ्या तारांसाठी त्यांनी क्रीलवरच्या माणसाला खडू दिला. तार तुटली की त्या खुंटीवर एक रेघ. दिवसाअखेर रेघा ठराविक खुंट्यांवर जमल्या तर दोष खुंटीचा, चकतीचा, गाईडचा किंवा कोन वाकडा बसल्याचा. सगळीकडे विखुरल्या तर सूत किंवा हवा. आमच्याकडे विखुरलेल्या निघाल्या. खानदेशातला एप्रिल-मे म्हणजे हवेत ओलावा नावालाच. कापसाचं सूत कोरडं पडलं की ठिसूळ होतं, आणि पॉलिस्टर मिक्स असेल तर चिकटाचिकटी वेगळीच. फरशीवर पाणी मारायला आणि पश्चिमेच्या खिडकीला ओलं पोतं लावायला सुरुवात केल्यावर फरक पडला. एक बारकावा त्यांनी आणखी सांगितला : मागच्या टोकाच्या कोनाची तार लांबून येते, वाटेत घासते, म्हणून तिच्यावर आपोआपच ताण जास्त असतो. तिथे चकतीवरचं वजन कमी ठेवायचं. आमच्या पोरांनी पुढेमागे सगळीकडे सारखीच वजनं टाकली होती.

सेक्शन आधी संपण्याचं कारण माप घेणाऱ्या रोलरमध्ये होतं. त्याचं रबर गुळगुळीत होऊन चकाकत होतं, सूत पुढे जातं पण रोलर मध्येच घसरतो. घसरला की काउंटर कमी मोजतो आणि त्या सेक्शनला सूत जादा जातं. १,००० मीटरच्या बीमवर अर्धा टक्का चुकलं तरी ५ मीटर, आणि जो सेक्शन सगळ्यांत आखूड तिथे बीम संपतो, बाकीच्यांचं उरलेलं सूत चिंध्यांत. ताडून बघायला टेपने मोजलेल्या अंतरावर रंगीत दोऱ्या बांधायच्या आणि काउंटरशी जुळवायच्या. हे बघायला कुणाचा लॅपटॉप लागत नाही.

ब्रेकही तपासला. चालू मशीनवर एक तार हाताने तोडली आणि ड्रम कुठे थांबतो ते पाहिलं. तुटकं टोक ड्रमवर समोर दिसायला हवं. ते आत गुंडाळलं गेलं की पोरं शेजारच्याच तारेला गाठ मारून मोकळी होतात आणि बीमवर घेताना तारा एकमेकींवर चढलेल्या निघतात. आमचा ब्रेक ठीक होता.

आता कार्डाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी शॉर्ट झालं होतं तेव्हा आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने कार्डावरचा एक रिले (छोटा विजेचा स्विच) बदलला होता. मूळचे चार निळे, त्याला मिळाला काळा. तोच पोरगा काही कामाने आला असता त्याने पॅनलमध्ये डोकावलं आणि म्हणाला, ‘भाऊ, हे तर माझंच काम आहे.’ तीन निळे, एक काळा, आणि खाली त्याच्या हातचं जाडंभरडं सोल्डर. स्टिकर नखाने उचललं तर खाली जुना सिरीयल नंबर, आमच्या मूळ बिलावरचाच. म्हणजे आमचं चालू कार्ड सुरतेची यात्रा करून, पुसूनबिसून आम्हालाच ३८ हजारांना विकलं गेलं होतं. की सुरतेलाही गेलं नव्हतं, कोण जाणे.

मग त्याचं बिल नीट वाचलं. पत्ता सुरतचा आणि जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. २७ महाराष्ट्राचा, गुजरातचा २४. जीएसटीच्या पोर्टलवर हा नंबर टाकून कुणालाही नाव बघता येतं, लॉगिन लागत नाही. तिथे वेगळ्याच धंद्याचं नाव निघालं, आणि नोंदणी रद्द झालेली. १८ टक्के मात्र आमच्याकडून पुरेपूर घेतले होते.

तेव्हा कुणी असा आला तर त्याच्या हातात आधी कापड द्या. कापड न बघता जो पॅनल उघडतो त्याला तिथेच थांबवा. पॅनल उघडू देण्याआधी आतला मोबाईलवर व्हिडिओ काढा, कार्डाचा नंबर येईल असा, आणि शेजारी आपला माणूस उभा ठेवा. कार्ड बाहेर जाणार असेल तर सिरीयल नंबर लिहून, सही घेऊन. जुना भाग जळका असला तरी आपल्याकडेच ठेवायचा. पैसे बिलावरच्या नावाच्या खात्यातच. आणि पैसे गेलेच तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते. आमची तशी सरकली होती.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं असं वकील म्हणाले. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण त्याच फोटोंची जाहिरात दुसऱ्या नावाने दिसते. पुरावा म्हणून कार्ड जमा करावं लागेल असं ठाण्यात सांगितलंय. ते काढून दिलं तर मशीन बंद, म्हणून आता खरोखरच नवीन कार्डाची चौकशी चालू आहे.