आरमधलं इन्फ्लुएन्स.मेजर्स: पाचही मापं एका फटक्यात, पण तारांकनं जपून वाचा

रिग्रेशनमधल्या (एका राशीचा अंदाज इतर राशींवरून बांधणाऱ्या मॉडेलमधल्या) प्रभावी नोंदी, म्हणजे एकट्यानेच निकाल हलवणाऱ्या ओळी, शोधायला आर या सांख्यिकी भाषेसोबत फुकट येणारं इन्फ्लुएन्स.मेजर्स हे फंक्शन आजही पहिली पसंती ठरावं. वेगळं पॅकेज लागत नाही. एलएम या आरच्या रिग्रेशन फंक्शनने मॉडेल बसवा आणि ते या फंक्शनला द्या. प्रत्येक नोंदीसाठी डीएफबीटाज (ती नोंद काढल्यावर प्रत्येक सहगुणक, म्हणजे मॉडेलमधला गुणक, किती सरकतो), डीएफफिट्स (तिचा स्वतःचा अंदाज किती सरकतो), कोव्हरेशियो (सहगुणकांची अचूकता किती बदलते), कुक अंतर (एकूण प्रभाव) आणि हॅट मूल्य (अंदाजासाठी वापरलेल्या राशींत ती नोंद इतरांपेक्षा किती वेगळी) असा तक्ता समोर येतो. समरी मागितली तर फक्त तारांकित (मर्यादा ओलांडल्याची * खूण असलेल्या) ओळी दिसतात.

खरी अडचण या तारांकनांचीच आहे. त्यामागच्या मर्यादा पाठ्यपुस्तकांपेक्षा बऱ्याच सैल आहेत. डीएफबीटाजला तारा मिळतो तो 1 ओलांडल्यावर, पुस्तकी नियम मात्र 2 भागिले एनचं (नोंदींच्या संख्येचं) वर्गमूळ. कुक अंतरासाठी एफ वितरण या सांख्यिकीतल्या ठरावीक वितरणाचा मध्यक ओलांडावा लागतो, 4 भागिले एन नव्हे.

आरमध्येच असलेला एमटीकार्स डेटा घ्या. 32 गाड्या, मायलेजचा अंदाज वजन आणि हॉर्सपॉवरवरून. क्रायस्लर इम्पीरियलचं कुक अंतर 0.42 येतं. पुस्तकी मर्यादा 0.125, आरची साधारण 0.8, म्हणून इथे तारा नाही. वजनाचा डीएफबीटाज 0.94, तिथेही नाही. ओळ यादीत येते ती डीएफफिट्समुळे. पण ही एक गाडी वगळली की वजनाचा सहगुणक -3.88 वरून -4.42 वर जातो! तुमचा प्रश्नच वजनाच्या परिणामाचा असेल, तर ही सगळ्यांत महत्त्वाची ओळ ठरते. मासेराती बोराला तारे मिळतात ते हॅट (0.39) आणि कोव्हरेशियोसाठी, आणि ती हलवते हॉर्सपॉवरचा सहगुणक: -0.032 वरून -0.040. म्हणून तारे मोजत बसू नका. ज्या सहगुणकावर निष्कर्ष उभा आहे, त्याचा डीएफबीटाजचा रकाना अधिक-उणे चिन्ह सोडून उतरत्या क्रमाने लावा, वरच्या दोन-तीन नोंदी एकेक करून वगळा आणि मॉडेल पुन्हा बसवा.

रिकाम्या किमती असलेल्या ओळी एलएम गाळतं. त्यामुळे तक्त्यातली दहावी ओळ ही मूळ डेटातली दहावी असेलच असं नाही. ओळीच्या नावाने जुळवा. एखाद्या गटात एकच नोंद असेल तर तिचं हॅट मूल्य 1 होतं आणि कुक अंतर निघतच नाही.

चित्रासाठी आरच्या कार पॅकेजमधलं इन्फ्लुएन्सप्लॉट उत्तम आहे. आडव्या अक्षावर हॅट, उभ्यावर स्टुडंटाइज्ड अवशेष (प्रत्यक्ष आणि अंदाजातला फरक, प्रमाणित करून), बुडबुड्याचा आकार कुक अंतराचा. ठळक नोंदींची नावंही तेच टाकतं. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधून आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथलं लेव्हरेज (हॅट मूल्याचंच दुसरं नाव) केंद्रित असतं, म्हणजे आरपेक्षा 1 भागिले एनने कमी. आकडे जुळले नाहीत तर कारण बहुधा हेच. पायथन भाषेत स्टॅट्समॉडेल्स पॅकेजचं गेट_इन्फ्लुएन्स जवळपास हेच काम करतं. मात्र तिथे कुक अंतर मागितलं की अंतरं आणि पी-मूल्यं अशी जोडी हाती येते. पहिला भाग वेगळा काढा.

लॉजिस्टिकसारख्या (हो-नाही उत्तरांच्या) जीएलएम, म्हणजे व्यापक रेषीय मॉडेलसाठीही आरचं हे फंक्शन चालतं, पण तिथले आकडे मॉडेल पूर्ण पुन्हा न बसवता एकाच पायरीत काढलेले अंदाज असतात. संशयित नोंद वगळून प्रत्यक्ष पुन्हा बसवणं तिथे आणखी गरजेचं.

मोठी उणीव एकच: ही सगळी मापं एका वेळी एकच नोंद काढून पाहतात. दोन सारख्याच विचित्र नोंदी शेजारी असतील तर एक काढल्यावर दुसरी रेषा धरून ठेवते आणि दोघी निर्दोष दिसतात. असा संशय आला की रोबस्टबेस पॅकेजमधलं एलएमरॉब (विचित्र नोंदींना कमी वजन देणारं रिग्रेशन) चालवून सहगुणकांची तुलना करा.