गेटवेची बंदरफेरी: वरच्या डेकचे पैसे वेगळे

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळच्या अपोलो बंदरावरून लाँचने (मोटरबोटीने) होणारी ही साधारण अर्ध्या तासाची फेरी. तिकीट खालच्या डेकचं असतं, वर बसायचे पैसे लाँच सुटल्यावर वेगळे मागतात. तेवढे द्यावेत, कारण खाली पाठीमागच्या बाकांवर डिझेलचा धूर येतो. ओहोटीला पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि लाँच खाली-वर होते. ती वर आली की खलाशाचा हात धरून पाय टाकायचा. फेरी सकाळचीच घ्यावी. गेटवे (१९२४) आणि ताज (१९०३) पूर्वेकडे तोंड करून आहेत, संध्याकाळी फोटो काळे येतात. नौदलाच्या गोदीचे फोटो मात्र नकोतच. लाइफ जॅकेटचे पट्टे चढण्याआधी तपासा. पावसाळ्यात फेऱ्या बंद असू शकतात.