दालीने स्वतःच मांडलेला दाली: फिगेरेसचं थिएटर-म्युझियम

वितळणारी घड्याळं बघायला फिगेरेसला जाणार असाल तर तिकीट काढू नका; ते चित्र न्यूयॉर्कला ‘मोमा’ या कलासंग्रहालयात आहे. स्पेनच्या कातालोनियातल्या या गावात चित्रकार साल्वादोर दालीने मांडून ठेवलाय तो स्वतःला. इमारत त्याने निवडली, कुठली वस्तू कुठे ठेवायची ते त्यानेच ठरवलं आणि 28 सप्टेंबर 1974 ला दार उघडल्यानंतरही तो त्यात भर घालत राहिला. 1989 मध्ये गेल्यावर पुरला गेला तोही इथेच, रंगमंचाखाली. चित्रकार तोच आणि क्युरेटरही तोच असला की काय साधतं आणि काय फसतं, ते इथे खोलीगणिक दिसतं.

मूळ इमारत गावाचं म्युनिसिपल थिएटर. यादवी युद्धाच्या अखेरीस, 1939 मध्ये, ते जळालं. दालीला हीच जागा हवी होती, कारण समोरच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झालेला आणि याच थिएटरच्या दालनात शाळकरी वयात त्याची चित्रं पहिल्यांदा लागलेली. प्रेक्षक बसायचे ते आता उघडं अंगण आहे, तर रंगमंचावर वास्तुरचनाकार एमिलियो पेरेझ पिन्येरोचा काचेचा घुमट. थिएटरचा हा आराखडा डोक्यात ठेवलात तर पुढचं सोपं जातं. चित्रं कालक्रमाने लावलेली नाहीत आणि समजावून सांगणाऱ्या पाट्या फारशा नाहीत. ही गैरसोय नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे.

अंगणातली काळी कॅडिलॅक म्हणजे दालीने 1938 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘पावसाळी टॅक्सी’चा पुढचा अवतार. यंत्रात एक युरोचं नाणं टाकलं की गाडीच्या आत पाऊस पडतो. बहुतेक जण आधी नाणं टाकतात. उलट करा: आतले पुतळे आणि वेली नीट बघून घ्या, मग नाणं. पाणी काचांवर उडालं की आतलं धड दिसत नाही.

घुमटाखालचं लिंकनचं चित्र (1975) नीट बघायला घाई चालत नाही. जवळून दिसते खिडकीतून समुद्राकडे बघणारी पाठमोरी, विवस्त्र गाला, म्हणजे दालीची बायको. नावातच सांगितलंय की 18 मीटरवरून अध्यक्ष लिंकन दिसतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या लिऑन हार्मनने लिंकनचा चेहरा मोजक्या करड्या चौकोनांत उतरवला होता, त्यावर हे बेतलेलं आहे. चौकोनांच्या कडा इतक्या ठसठशीत असतात की नजर तिथेच अडकते; कडा पुसट झाल्या की चेहरा वर येतो. गर्दीत 18 मीटर मागे सरकणं जमत नाहीच. मग डोळे किलकिले करा, जाड भिंगांचा चष्मा असेल तर काढा, किंवा फोनच्या स्क्रीनवर चित्र नखाएवढं करून बघा. तिन्ही उपाय कडाच घालवतात.

हॉलिवूडची नटी मे वेस्ट हिच्या चेहऱ्याची खोली हे या म्युझियमचं सगळ्यात नेमकं काम आहे आणि सगळ्यात मोठी अडचणही. ओठांचा सोफा, नाकाची शेकोटी, डोळ्यांच्या जागी पॅरिसची दोन दृश्यं. खाली उभं राहिलात तर नुसतं चमत्कारिक फर्निचर दिसतं. पायऱ्या चढून गेलं की उंटाच्या पुतळ्याच्या पायांमध्ये लहान करून दाखवणारं भिंग लावलेलं आहे. त्यातून सोनेरी केसांच्या चौकटीत अख्खा चेहरा जुळतो. मात्र भिंग एक, डोळा एक. माणशी वीस सेकंद धरले तरी तासाला 180 जण होतात, आणि फोटो काढणारे वीस सेकंदांत उतरत नाहीत. म्हणून सकाळी दार उघडताच आधी ही खोली गाठा, अंगण नंतर. जहांगीरमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःच स्वतःचं प्रदर्शन लावणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. एकाच जागेवरून दिसणारी वस्तू ठेवायची तर तिची रांग दुसऱ्या कामांपुढून जाता कामा नये. नाहीतर रांगेतली माणसं ती कामं झाकतात आणि स्वतःही बघत नाहीत.

फसतं कुठे? जवळपास 1,500 कामं, आणि ‘एवढं पुरे’ म्हणणारं कुणी नाही. त्यात मित्र आन्तोनी पिचोटची चित्रंही आली. तासाभराने डोळे थकतात. म्हणून लाल मखमलीची छोटी खोली शेवटी ठेवू नका. तिथे 1945 चं ‘पावाची टोपली’ आहे, लहानसं तैलचित्र. काळोखातून उजेडात आलेला पावाचा तुकडा टेबलाच्या अगदी कडेला, आता पडेल असा. अंगणातल्या गाडीपेक्षा तो जास्त वेळ थांबवतो. हा माणूस मनात आणलं तर किती कमी मांडू शकत होता, हे तिथे कळतं. वरच्या ‘वाऱ्याच्या महालात’ छतावर दाली आणि गालाचे प्रचंड तळवे आहेत. मान दुखवून घेण्यापेक्षा फोनचा सेल्फी कॅमेरा आरशासारखा धरा.

दागिन्यांचा विभाग (2001 पासून) वेगळ्या दाराने आहे आणि याच तिकिटात येतो, तेव्हा तिकीट फेकू नका. तिथलं माणकांचं ‘राजहृदय’ खरोखर धडधडतं. काचेसमोर जरा थांबावं लागतं. जाता जाता, आपल्याकडची एक गोष्ट: याच दालीने 1967 मध्ये एअर इंडियासाठी अॅशट्रे घडवला आणि मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं. एअर इंडियाने ते पाठवलंही!

तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. बरेच सोमवार म्युझियम बंद असतं, तारीख आधी तपासा. बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून वेगवान गाडी तासाभरात फिगेरेस-विलाफान्तला सोडते. साधी गाडी जवळपास दुप्पट वेळ घेते, पण गावातल्या स्टेशनवर उतरवते. निघताना इमारतीला बाहेरून वळसा घाला. लाल भिंतीवरचे ते टोकदार पिवळे गोळे म्हणजे तिथले तिकोनी पाव आहेत आणि गच्चीच्या कठड्यावर ओळीने पांढरी अंडी. त्याला तिकीट लागत नाही.