खिशातलं कार्ड की बोटाचा ठसा?

एस्टोनिया 2002 पासून नागरिकांना चिप असलेलं ओळखपत्र देतं. गुप्त किल्ली, म्हणजे ओळख सिद्ध करणारी एक लांबलचक गुप्त संख्या, त्या चिपमध्येच राहते. ओळख पटवायला एक पिन, डिजिटल सहीला दुसरा. आपल्या आधारची रीत उलटी. पहिला क्रमांक 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला. इथे कार्ड नाममात्र. ठसे आणि बुबुळांची नोंद केंद्रीय साठ्यात, आणि पडताळणी तिथेच.

कार्ड जास्त सुरक्षित, असं पटकन वाटतं. मलाही वाटायचं. पण 2017 मध्ये चेकियातल्या ब्रनो शहरातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधली आरएसए (कूटलेखनाची एक प्रचलित रीत) किल्ल्या बनवायची पद्धतच कच्ची आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येत होती, खर्चिक असली तरी! एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख कार्डं त्यात सापडली. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांची प्रमाणपत्रं (किल्ली कुणाची हे सांगणारी डिजिटल नोंद) थांबवली, लोकांना नवी घ्यायला लावली, तीही घरबसल्या.

आणि मला हाच मुद्दा मोठा वाटतो. किल्ली फुटली तर बदलता येते. बोट कुठून बदलणार? आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधार क्रमांकाऐवजी द्यायला 16 अंकी आभासी क्रमांक काढता येतो. पण मूळ ठसा जन्माचा. शिवाय राबून झिजलेली बोटं रेशन दुकानातलं यंत्र ओळखत नाही, ते वेगळंच.

अर्थात पिन विसरणाऱ्या आजीला बोट टेकवणंच सोपं. पैशांच्या व्यवहाराला मात्र मी कार्डच निवडेन.