डुप्लिकेट ब्रेक पॅड: खोका आणि होलोग्राम बघून विश्वास ठेवू नका

स्पोर्ट्स कारचं काम घरी स्वतः करणाऱ्यांनी हे वाचावं, विशेषतः ज्यांनी हल्लीच ऑनलाइन 'ट्रॅक ग्रेड', म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर टिकतील असे, ब्रेक पॅड मागवलेत त्यांनी. (ब्रेक पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा.) मला डुप्लिकेट पॅड विकले गेले. नामांकित कंपनीच्या नावाने, सीलबंद खोक्यात, होलोग्रामसकट. पैशांचं काय झालं ते सांगतोच, पण जिवावर बेतलं असतं, ते आधी.

गाडी माझदा एमएक्स-५. वजनाला हलकी, त्यामुळे तिला मोठ्या कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, गरज पडत नाही. चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि स्टीलची जाळी असलेले होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या), एवढ्यावर ट्रॅकवरही छान निभावतं. मी पुढच्या चाकांचे पॅड मागवले. विक्रेत्याचं रेटिंग उत्तम. चॅसी नंबर मागून घेऊन त्याने स्वतः पार्ट नंबर जुळवून दिला. किंमतही थोडीशीच कमी. कारण विचारलं तर म्हणाला, एक वर्कशॉप बंद झालं, त्यांचा शिल्लक माल आहे. निम्म्या किमतीत कोणी माल देऊ केला की आपण सावध होतो, हे तो पुरतं ओळखून होता. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा कंपनीच्या साइटसारखंच पान उघडलं आणि 'अस्सल उत्पादन' असा हिरवा शिक्का दिसला. ज्याने खोका छापला त्यानेच कोड छापला आणि त्यानेच ते पान बनवलं होतं.

पॅड बसवले. ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत मध्यम ब्रेक लावत वेग उतरवायला सुरुवात केली. नव्या पॅडमधलं रेझिन (मिश्रण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पहिल्यांदा तापलं की वायू सुटतो, वास येतो, पकड थोडी ढिली पडते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पॅड गार झाले की पकड परत यायला हवी. ती आलीच नाही. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी पुढे चाललेली. पेडल खाली बसलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय असं म्हणता आलं असतं. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर पहिला संशय पॅडवरच घ्यायचा. गिअर उतरवत, अगदी हळू गाडी घरी आणली.

चाक काढून पॅड हातात घेतला तर घर्षणाचा थर बॅकिंग प्लेटपासून, म्हणजे मागच्या लोखंडी पट्टीपासून, एका कडेने सुटत आला होता. फटीत नख जात होतं. ब्रेक क्लीनर मारून पुसलं, तर प्लेटचा काळा रंग आणि त्यावर छापलेली अक्षरं दोन्ही फडक्यावर उतरली. रंगाखाली गंजाचे खड्डे! भंगारातल्या जुन्या प्लेटा रंगवून त्यांवर कसलं तरी मिश्रण चिकटवलेलं होतं. हा थर भर वेगात निखळला असता तर कॅलिपरमधल्या पिस्टनने नुसती लोखंडी प्लेट डिस्कवर दाबली असती. माझ्या अंगावर काटा आला.

मग न पुसलेल्या पॅडवरची अक्षरं वाचली. पॅडवर घर्षणाची दोन अक्षरी खूण असते: पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या खोक्यावर एफएफ होतं आणि प्लेटवर जीजी. युरोपच्या आर-९० नियमानुसार मान्यता मिळालेल्या पॅडवर वर्तुळात ई आणि देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १, इटलीचा ३. ती खूण पुसली जाणारी नसावी, असा नियमच आहे. म्हणून पॅड बसवण्याआधी प्लेटवर ब्रेक क्लीनर मारा आणि फडकं घासा. दोन मिनिटांचं काम आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, पॅड बसायला वेळ लागतो, अजून थोडी गाडी चालवा. ज्याला ब्रेक लागत नाहीत त्याला हा माणूस गाडी चालवायला सांगत होता! याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे. मी अडून बसलो तेव्हा म्हणाला, अधिकृत गॅरेजचं फिटिंगचं बिल पाठवा, घरी बसवलेल्या पार्टची जबाबदारी आमची नाही. स्वतः काम करणाऱ्याकडे बिल नसतं, हे धरूनच त्यांचा धंदा चालतो. तक्रारीची मुदत संपेपर्यंत तो असाच टोलवत राहिला आणि नंतर खातंच बंद.

पैसे परत मिळाले ते मूळ कंपनीमुळे. त्यांना खोक्याचे, प्लेटचे आणि छापील नंबरचे फोटो पाठवले. हा नंबर आमच्या नोंदीत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. ते पत्र जोडून बँकेत कार्डाच्या व्यवहारावर तक्रार केली आणि ती मान्य झाली. त्यामुळे संशय आला तर पॅड फेकू नका आणि 'परत पाठवा, बदलून देतो' म्हटलं तरी पाठवू नका. पुरावा तेवढाच असतो. कामाआधी आणि नंतर फोटो काढा, टॉर्क रेंचचं (बोल्ट किती घट्ट केला ते दाखवणाऱ्या पान्याचं) रीडिंगही फोटोत येऊ द्या. मग 'तुम्हीच चुकीचं बसवलं' हे तुणतुणं चालत नाही. स्पार्क प्लग आणि अलॉय व्हीलमध्येही हेच चालतं.

तोच माल आता वेगळ्या नावाने परत विक्रीला आहे. फोटो तेच: करड्या फरशीवर चार पॅड, डाव्या कोपऱ्यात निळ्या हातमोज्याचा अंगठा. हे पॅड तुम्ही बसवले असतील तर गाडी बाहेर काढू नका. आधी चाक उतरवा आणि थर प्लेटला सगळीकडून चिकटलेला आहे का ते बघा.