मॉन्स्टर मॅन्युअलमधला लाल ड्रॅगन: कागदावर वाघ, टेबलावर?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, म्हणजे त्यातल्या प्राण्यांच्या पुस्तकातला, प्रौढ लाल ड्रॅगन जबर आहे: २५६ हिट पॉइंट (एवढं नुकसान झालं की तो पडतो), एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १९, ६० फुटी आगीच्या झोताचं सरासरी नुकसान ६३. तरी खेळताना तो तीन फेऱ्यांत गार होतो, आणि चूक बहुतेकदा डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची असते. जमिनीवर उतरवून पंजे मारत बसवलं की संपलंच. उडण्याचा वेग ८० फूट आहे, चालण्याचा ४०. म्हणून झोत टाकायचा, वर जायचं आणि फाशावर पाच किंवा सहा पडून झोत पुन्हा तयार होईपर्यंत खाली यायचं नाही. लेजंडरी अ‍ॅक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा चाली, विसरू नका. दोन खर्चून पंख फडकवले, की १० फुटांतले सेव्ह (बचावाचा फासा) चुकलेले आडवे होतात आणि हा निसटतो.

ड्रॅगनच्या गुहेचा नकाशा हवा तर दौलताबादचा किल्ला आहेच: खंदक, एकच वाट, पुढे अंधारी नावाचा काळोखा बोळ. त्या बोळात झोत चुकवायला जागा नाही. पाचव्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नेलीत तर सरळ राख. झोताला सहा बाजूंचे १८ फासे लागतात, खेळाच्या फाशांच्या सेटमध्ये तसा एकच मिळतो. संभाजीनगर काय, लातूर काय, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातले लुडोचे फासे चालतात.

पुस्तकाची खोट एकच. असा बलाढ्य प्राणी खंडणी कशी मागेल, सौदा कसा करेल, याला नियमांत जागा फारच तोकडी आहे.